म्हशीवालीची लेक

"हे नंतरचं झालं. आधीचं सांग."

ताईंचं, म्हणजे आमच्या डेस्कप्रमुखांचं, हे वाक्य मी किती वेळा ऐकलं त्याला गणती नाही. माझ्या खुर्चीमागे येऊन उभ्या राहायच्या, चष्मा कपाळावर सरकवायच्या आणि माझ्या स्क्रीनवर नखाने टक टक करायच्या. बातमी पुराची असो, दरड कोसळल्याची असो, नाहीतर कुठल्या इमारतीला लागलेल्या आगीची. मी लिहिलेलं असायचं, 'ग्रामस्थांनी जिवाची पर्वा न करता एकमेकांना मदतीचा हात दिला.' की आलंच नख.

"मदतीचा हात दुपारी दिला असेल. पाणी पहाटे शिरलं ना? तेव्हा काय केलं?"

"तेव्हा पळाले असतील, ताई. दुसरं काय करणार?"

"मग तसं लिही की. पळाले. त्यात लाज कसली?"

मला अस्सा राग यायचा! नोएडातल्या त्या बातम्यांच्या ऑफिसात आमचं मराठी डेस्क म्हणजे एका कोपऱ्यातली चार टेबलं. चारी बाजूंनी हिंदीचा कलकलाट, वरून दर पाच मिनिटांनी कुणीतरी ओरडायचं, "मराठीवालों, फ्लड की कॉपी कहाँ है यार?" आणि इकडे या बाई मला पळणाऱ्या माणसांच्या मनात काय होतं ते विचारणार. मी नाशिकची. तोंडाने फटकळ. एकदा म्हटलंच, "ताई, मी बातमी लिहितेय, कादंबरी नाही." तर त्या हसून म्हणाल्या, "कादंबरीत खोटं चालतं गं. बातमीत कसं चालेल?"

कादंबरी त्यांनी लिहिली नव्हती. कथा लिहायच्या. दिवाळी अंकांतून येत असत, तुमच्यापैकी कुणी वाचल्याही असतील. त्यांच्या प्रत्येक कथेत एक आपत्ती असायची. कुठे भूकंप, कुठे पूर, कुठे डोंगर खचलेला. आणि एकाही कथेत शूर माणूस नाही. छप्पर कोसळत असताना एक बाई आधी दुधाखालचा गॅस बंद करते. एक मास्तर चपला शोधत बसतात आणि त्यात चिमुकल्या नातवाला ओलांडून जातात. वाचताना आधी हसू यायचं, मग त्या माणसाची कीव यायची, आणि शेवटी आपणच त्याच्या जागी उभे आहोत असं वाटायचं.

मी एकदा विचारलं, "तुमची माणसं इतकी भेकड का असतात हो?"

"भेकड नाहीत. हात आधी चालतो, मन मागून येतं. मन येऊन पोचेपर्यंत जे घडतं ते त्या माणसाचं नसतं. त्यासाठी त्याला फासावर चढवू नये."

हे त्या इतक्या सावकाश म्हणाल्या की मी गप्प बसले. मला गप्प बसवणं सोपं नाही, माझ्या नवऱ्याला विचारा.

आम्ही दोघी एकाच सोसायटीत राहायचो, टॉवर वेगळे. दिल्लीकडे राहिलेल्यांना माहीत असतं, वर्षा-दोन वर्षांत कधीतरी पंखे हलतात, झुंबरं किणकिणतात आणि अख्खी सोसायटी खाली बागेत जमा होते. काही झालेलं नसतं. लोक हसतात, घरी फोन करतात, "हाँ हाँ, हमको भी लगा." ताई मात्र तेव्हा कामाला लागायच्या. आपल्या त्या मराठी वळणाच्या हिंदीत एकेकाला गाठून विचारायच्या, "भाईसाहब, सबसे पहले क्या किया?"

आमच्याकडे एक रिटायर्ड बँक मॅनेजर होते. ते छाती काढून म्हणाले, "पहले मैंने वाइफ को जगाया, मैडम."

वाइफ शेजारीच उभ्या. "बिल्कुल झूठ! पहले इन्होंने अपने दाँत ढूँढे!"

सगळी बाग हसली. मॅनेजर ओशाळले. ताई तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांनी त्या गृहस्थांना बाजूला नेलं, कवळी कुठे ठेवली होती, पाण्यातच हात घातला का, असं आस्थेने विचारलं. पुढच्या दिवाळीत ते दात कथेत आले. कथा वाचून त्या म्हाताऱ्याला हसायची कुणाची छाती झाली नसती. दुसऱ्या दिवशी जेवायचं आहे एवढंच त्या बिचाऱ्याच्या हाताला कळलं होतं, असं काहीसं ताईंनी लिहिलं होतं.

या सगळ्याच्या मुळाशी काय होतं ते मला उशिरा कळलं.

ताईंनी लग्न केलं नव्हतं. सहाव्या मजल्यावरच्या घरात त्या आणि त्यांची आई. मी त्यांना आजी म्हणायचे. आजी सांगली जिल्ह्यातल्या नदीकाठच्या गावच्या. दिल्लीत कैक वर्षं काढूनही त्यांनी हिंदीचा एक शब्द तोंडी लागू दिला नव्हता. कामवाली बिहारची. आजी तिच्याशी आपल्या गावच्या बोलीत बोलायच्या, ती आजींशी तिच्या बोलीत, आणि दोघींचं तासन् तास जमायचं. मी गेले की म्हणायच्या, "आली का नाशिकची तिखाट मिर्ची? बस. वाईच च्या घे."

एका संध्याकाळी ऑफिसबाहेरच्या टपरीवर ताईंनी सांगितलं. त्या दिवशी सांगलीकडच्या पुराची बातमी मी लिहिली होती आणि पहिल्यांदाच त्यांनी टक टक केली नव्हती. मलाच चुकल्याचुकल्यासारखं झालं. विचारलं, तर चहाचा ग्लास दोन्ही हातांत धरून बोलू लागल्या.

त्या नऊ-दहा वर्षांच्या असतील. धाकटी बहीण तीन वर्षांची. वडील कारखान्यावर पाळीला गेलेले. पहाटे पाणी शिरलं. आजी ओरडल्या, "पळा गं, पाणी आलं!" ताई पळाल्या ते थेट देवळाच्या ओट्यावर. आजी विळा घेऊन गोठ्यात धावल्या आणि त्यांनी म्हशीचं दावं कापलं. धाकटी आत वाकळेखाली झोपलेली होती. आजी घराकडे वळेपर्यंत मातीची भिंत खाली आली.

म्हैस पोहत वर निघाली. धाकटी दुसऱ्या दिवशी सापडली.

"गावानं काय म्हणावं?" ताई म्हणाल्या. "म्हस वाचवली नि पोर घालवली. तेव्हापासून माझ्या आईचं नाव पडलं म्हशीवाली. शाळेत मी म्हशीवालीची लेक. बाबांनी महिन्याभरात म्हैस विकली. नाव काही विकता येत नाही."

"आणि आजी? त्या काय म्हणाल्या?"

"कधीच काही नाही. कुणी तोंडावर बोललं तरी खाली मान. म्हणून तर मी तिला इकडे आणलं."

मग त्यांनी मला समजावून सांगितलं, अगदी वकिली करावी तसं. नदीकाठच्या गावांत रीत असते. पाण्याचा आवाज आला की जो जागा असेल त्याने आधी जनावरं सोडायची. बांधलेलं आधी. माणसाला पाय आहेत, ते ओरडल्यावर पळतं. बांधलेल्या जनावराचा जीव आपल्याच हातात असतो. पिढ्यान् पिढ्या बायकांचे हात असेच चालत आलेत. आई पोरींना हाक देऊन गोठ्यात गेली, पोरी पळाल्या असंच तिने धरलं. यात लोभ कुठे आला? यात आईपण कुठे कमी पडलं? आजींनाही त्या हेच सांगत आल्या होत्या.

"मग लिहा ना हे."

"आयुष्यभर तेच तर लिहितेय. भूकंप घेतला, दरड घेतली, दुसऱ्यांच्या आया घेतल्या. आपल्या आईपाशी यायला धीर होत नव्हता." त्यांनी उरलेला चहा जमिनीवर ओतला. "आता लिहितेय. तिच्या कानावर घालायची आहे, ती आहे तोवर. आणि मग गावात छापील अंक पाठवायचा, घराघरात."

त्याच पावसाळ्यात आजी पडल्या, खुब्याचं हाड मोडलं आणि अंथरुणाला खिळल्या. छातीही कमजोर झाली होती. ताईंना घाई झाली. ऑफिसातून धावतपळत घरी जायच्या, लिहायच्या, फाडायच्या, पुन्हा लिहायच्या. दिवाळी अंकाचे संपादक पुण्याहून फोन करून करून थकले. शेवटी एका शनिवारी ताई मला म्हणाल्या, "झाली. उद्या आईला वाचून दाखवणार आहे. तू ये. मला एकटीला जमायचं नाही."

रविवारी सकाळी मी गेले. आजी आतल्या खोलीत पलंगावर. ताईंनी नवी साडी नेसली होती, जसं काही कुणाचं लग्नच आहे. हातात कागद. त्या वाचायला बसणार तेवढ्यात आजी म्हणाल्या, "थांब की. त्या पोरीला आदी च्या तर पाज." म्हणून आम्ही दोघी स्वयंपाकघरात आलो. ताईंनी कपात चहा गाळला.

आणि मांडणीवरची भांडी वाजायला लागली.

आधी मला वाटलं वरच्या मजल्यावर कुणी काही ओढतंय. मग पायाखालची फरशी सरकल्यासारखी झाली, मांडणीवरून एक डबा धाडकन खाली आला, आणि जिन्यात कुणीतरी किंचाळलं, "भूकंप! नीचे चलो, नीचे!" यानंतर मला आठवतो तो जिना, कठडा, लोकांचे धक्के आणि बागेतलं लख्ख ऊन. मी झोपाळ्याचा खांब धरून उभी होते. ताई माझ्या शेजारी, धापा टाकत.

धक्का थांबला होता. नेहमीप्रमाणे बागेत फोन सुरू झाले, हसू सुरू झालं. ते बँक मॅनेजर ताईंना बघून लगबगीने आले. तोंडभर हसत म्हणाले, "मैडम, आज लिख लीजिए! आज मैंने सच में पहले वाइफ को जगाया!" मग इकडेतिकडे बघून त्यांनी विचारलं, "माताजी किधर हैं?"

ताईंच्या चेहऱ्याकडे मला बघवेना. चेहऱ्यावरून रंग जाणं वगैरे आपण लिहितो. ते तसं नसतं. त्यांनी फक्त तोंड उघडलं आणि ते मिटलंच नाही.

मग त्या धावल्या. लिफ्ट बंद होती. उतरणाऱ्यांच्या गर्दीतून त्या साडी सावरत वर चढत होत्या, लोक "अरे आंटी, नीचे जाइए" म्हणत होते, आणि मी मागून. सहा मजले. दार सताड उघडं होतं. घरात सगळं शांत. आजी पलंगावर तशाच, उशीवर डोकं, नजर दाराकडे.

"आलीस व्हय? बस आदी. दम लागलाय तुला."

ताई जमिनीवरच बसल्या. पलंगाच्या कडेवर डोकं ठेवून म्हणाल्या, "आई, मला तू आठवलीच नाहीस गं."

आजींनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला.

"व्हतं आसं. मी काय तुला नावं ठेवती व्हय? रडू नगं." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "मलाबी ती आठवली न्हवती."

ताईंनी डोकं वर केलं.

"लोकं म्हणत्यात लोभानं. लोभ कसला आलाय मेला? तू म्हणतीस बांधल्यालं आदी सोडायचं. तसंबी काय न्हवतं, बाळ. म्हस वरडत हुती, म्हणून हात तिकडं ग्येला. पोर गप निजली हुती. ध्यानातच न्हाई आली. म्हस सोडली, भाईर आले, तू वट्ट्यावर दिसलीस, तवा याद झाली. तवर भित पडली." आजींचा आवाज अगदी साधा होता. "कुनाला बोलले न्हाई आजवर. तुज्या बाला बी न्हाई. तुजा जीव जाळू नगंस म्हनून बोलले. ऊठ आता. तिचा च्या गार झाला आसंल."

मी स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याला टेकून ढसाढसा रडले. जगातल्या कुठल्या आईने आपल्या लेकीचं सांत्वन करायला इतकं काळीज कापून दिलं असेल? जे एवढी वर्षं गावाच्या शिव्या खाऊनही बाहेर काढलं नाही, ते लेक रडते म्हणून काढून तिच्या ओटीत घातलं.

कथा वाचली गेली नाही. कागद टीव्हीजवळ पडले होते, ताईंनी ते उचलून कपाटात टाकले.

सोमवारी त्यांनी पुण्याला फोन करून सांगितलं, कथा देत नाही. मी टपरीवर त्यांच्याशी भांडले. भांडलेच, सरळ सांगते.

"का नाही देत? चांगली आहे कथा."

"खोटी आहे ती. पोरी पळाल्या असं धरून आई गोठ्यात गेली, असं लिहिलं; मी मन आधी आणलं तिथे. मन नव्हतंच तिथे."

"मग खरी लिहा! तुम्हीच म्हणता ना, आधीचं सांग म्हणून?"

"खरी लिहिली तर गाव म्हणेल, बघा, आम्ही म्हणत होतो. म्हस आठवली, पोर नाही आठवली. हात नि मन मला कळतं गं, तुला कळतं. वाकडं तोंड करून बसलेल्या चार बायकांना कोण समजावणार? माझी आई पुन्हा एकदा म्हशीवाली होईल, आणि या वेळी मी लिहून दिलं म्हणून."

मी चहाचे पैसे दिले.

आजी त्या थंडीत गेल्या. नोएडात धुक्याने खिडकीबाहेरचं काही दिसत नव्हतं, आणि ताई पुन्हा पुन्हा खिडकीशी जाऊन उभ्या राहत होत्या. अस्थी घेऊन त्या गावी गेल्या. मी सोबत येते म्हटलं, तर नको म्हणाल्या.

परत आल्या त्या काही वेगळ्याच दिसत होत्या, आजारातून उठलेल्या माणसासारख्या हलक्या. मी त्यांच्यासाठी वरणभात घेऊन गेले होते. जेवता जेवता त्यांनी सांगितलं.

नदीवर भावकी जमली होती. त्यांची एक म्हातारी चुलती होती. म्हशीवाली हे नाव पहिल्यांदा तिच्याच तोंडून निघालेलं. अस्थी सोडून झाल्यावर चुलतीने सगळ्यांसमोर विचारलं, "मरताना तरी काय बोलली का गं तुजी आई? त्या दिशी पोर कशी काय इसरली ती?"

"मग?"

"मी म्हटलं, आई विसरली नव्हती. तिनं मला सांगितलं होतं, धाकटीला काखेला मार नि पळ, मी म्हस सोडून येते. मी भ्याले आणि एकटीच पळाले. आईनं ते कुणाला कळू दिलं नाही. माझं नाव खराब होऊ नये म्हणून सगळं अंगावर घेतलं."

मी हातातला डबा खाली ठेवला.

"ताई! तुम्ही खोटं बोललात? तुम्ही?"

"चुलती तिथेच वाळूत बसली आणि छाती बडवायला लागली. 'वहिनी, चुकलं गं, वहिनी, पदरात घे,' म्हणत होती. सगळ्या बायका रडल्या. माझ्या आईसाठी त्या गावात पहिल्यांदा कुणी रडलं."

"आणि तुम्ही? आता तुम्हाला काय म्हणतील?"

"मला कुठे राहायचंय तिथे?" असं म्हणून त्यांनी भातावर आणखी वरण घेतलं. भूक लागलेल्या माणसासारख्या जेवल्या.

त्यानंतर त्यांनी एक ओळ लिहिली नाही. मी डोकं खाल्लं, भांडले, लाडीगोडी लावली. दर दिवाळीला संपादकांचे फोन यायचे, तेही यायचे थांबले. रिटायर झाल्यावर त्या सकाळ-संध्याकाळ बागेत चकरा मारायच्या. मध्ये एकदा धक्का बसला तेव्हा सगळ्यांबरोबर खाली आल्या, पण कुणाला काही विचारलं नाही. बँक मॅनेजर आपणहून काही सांगायला आले, तर त्यांच्या दंडावर थोपटून पुढे गेल्या.

गेल्या उन्हाळ्यात ताई गेल्या. दोन दिवसांचा ताप. रडायला जवळचं असं कुणी नव्हतं. ऑफिसातली चार माणसं, मॅनेजर आणि त्यांच्या वाइफ, आणि मी. त्यांच्या फोनमधून चुलतभावाचा नंबर शोधून मी गावी कळवलं. अस्थी नदीत सोडायच्या होत्या, आईच्या शेजारी.

ते गृहस्थ म्हणाले, "आणा की. नदी काय कुनाला न्हाई म्हणती व्हय?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "खरं सांगू का बाई, गावात कोण येईल आसं वाटत न्हाई. आमच्या काकूचं म्हणाल तर देवमाणूस. जल्मभर म्हशीवाली म्हणून घेतलं, पन लेकीचं नाव घेतलं न्हाई. पर हिनं... पाठची भन घरात टाकून पळाली. तुमी तिच्या जवळच्या. तुमाला तरी बोलली हुती का? खरं हाय न्हवं ते?"

खरं माझ्या जिभेवर आलं होतं. आजींचा तो साधा आवाज, त्यांचा शब्द न् शब्द मला पाठ आहे.

"हो," मी म्हटलं. "खरं आहे."